ग्रँड आयलंडची होडीसहल: नाव एक, सेवा दोन

कळंगुटपासून बोगमाळोपर्यंत गोव्याच्या किनाऱ्यावर कुठेही उभे राहा, ‘ग्रँड आयलंड’ची पाटी दिसतेच. पाटी एकच असली तरी तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या सेवा आहेत. पहिली उत्तरेची: माळीम, नेरुलचा कोको बीच किंवा शिकेरीहून सुटणारी मोठी होडी. तिच्यात डॉल्फिन, स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहणं), गळ टाकून मासेमारी आणि जेवण असं सगळं एकाच भाड्यात येतं. दुसरी मुरगावच्या बाजूची: बायणा किंवा बोगमाळोहून सुटणारी लहान फायबरची होडी, किंवा डायव्हिंग शिकवणाऱ्यांची स्वतःची होडी. समुद्र आणि बेट खरंच पाहायचं असेल तर दुसरीच घ्या. पहिली सहल म्हणून ठीक आहे, पण तिचा बराचसा वेळ प्रवासातच जातो.

याचं कारण नकाशात आहे. ग्रँड आयलंड आणि शेजारचं धाकटं बेट, ही जोडी मुरगावच्या पठाराच्या नैर्ऋत्येला, साधारण 15 अंश 21 मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. बोगमाळोहून सहा-सात किलोमीटर अंतर, म्हणजे चांगलं इंजिन असलेल्या होडीला अर्धा तासही पुरतो. शिकेरीहून मात्र तेच अंतर पंधरा किलोमीटरच्या वर जातं. वाटेत मांडवीचं मुख, काबोचं टोक आणि जुवारीचं मुख ओलांडावं लागतं. त्यात डॉल्फिनसाठी घातलेले फेरे धरले की एका बाजूलाच सव्वा ते दीड तास सहज जातो. परतीचा प्रवास आणखी त्रासाचा. सकाळी समुद्र शांत असतो, पण दुपार होईतो वायव्येचा वारा उठतो आणि उत्तरेकडे परतणाऱ्या होडीच्या नाकावर लाटा येतात. पुढच्या बाकावर बसलेले लोक भिजतात, लहान मुलांना उलट्या होतात. बोगमाळोकडे परतणाऱ्या होडीला तोच वारा मागून किंवा बाजूने लागतो.

म्हणून आगाऊ पैसे देण्याआधी ‘किती तासांची ट्रिप?’ हे विचारण्यापेक्षा ‘पाण्यात किती मिनिटं?’ हे विचारा. सहा तासांच्या सहलीत पाण्यात अर्धा तास मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगणारा होडीवाला भरवशाचा समजा.

आता बेटांबद्दल. होडीवर ही माहिती कुणी देत नाही, आणि माझ्या मते या सेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे. ‘ग्रांद’ (पाटीवरचं ‘ग्रँड’) म्हणजे थोरलं आणि ‘पेकेनु’ म्हणजे धाकटं, अशी ही पोर्तुगीज नावं. धाकट्याला होडीवाले बॅट आयलंड म्हणतात. जुन्या सागरी नकाशांत या गटाचं नाव सेंट जॉर्ज बेटं असं आहे. दोन्हींवर वस्ती नाही. जुवारी नदीतल्या सांव जासिंतोशी गल्लत करू नका. त्या बेटावर लोक राहतात आणि तिथे रस्त्याने जाता येतं.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. या बेटांभोवती पाण्याची खोली दहा-पंधरा मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तेव्हा किनारा कितीतरी पश्चिमेला होता आणि ग्रांद व पेकेनु या मुख्य भूमीवरच्या टेकड्या होत्या. पाणी चढलं, खालचा उतार बुडाला, माथे तेवढे वर राहिले. मास्क लावून खाली पाहताना खडकाचा जो उतार निळसर अंधारात उतरत जातो, तो त्याच टेकडीचा. एवढी दोन वाक्यं गाइडने सांगितली तरी पाण्यात उतरणाऱ्याची नजर बदलेल.

इतिहास सांगितलाच तर पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. वास्को द गामा 1498 मध्ये भारताहून परतताना थांबला ते बेट अंजदीव, कारवारजवळचं. तिथे फ्रान्सिस्को द अल्मेदाने 1505 मध्ये किल्ला बांधायला घेतला. आज अंजदीव नौदलाकडे आहे आणि पर्यटकांना तिथे नेत नाहीत. तसंच दुसऱ्या महायुद्धाचं. 9 मार्च 1943 च्या रात्री एहरेनफेल्स हे जर्मन जहाज आणि त्याच्या सोबतची जहाजं त्यांच्याच खलाशांनी बुडवली, पण ती मुरगाव बंदरात, ग्रांदजवळ नव्हे. बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजाला, म्हणजे डायव्हर ज्याला ‘सूझीज रेक’ म्हणतात त्याला, ही गोष्ट चिकटवू नका.

खरा इतिहास याच पाण्यात पडलेला आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाने या भागातल्या खडकांवर पाणबुडे उतरवून शोध घेतला. सुंची रीफ या बुडालेल्या खडकावर सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले: लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानी रांजणांचे तुकडे. आफ्रिकेचा आणि चीनचा माल एकाच जहाजात, ही गोव्याच्या व्यापाराची नेमकी ओळख. सेंट जॉर्ज रीफवर मिळाली ती भाजक्या मातीची कौलं, खांबांचे तुकडे, नळ. त्यांवर बासेल मिशन या स्विस ख्रिस्ती संस्थेच्या कौल कारखान्याचा ठसा आणि 1865 हे साल आहे. ते मंगळुरूच्या कारखान्याच्या स्थापनेचं वर्ष, तेव्हा जहाज बुडालं ते त्यानंतर. गोव्यातल्या जुन्या घरांवर मंगळुरी कौलं दिसतात ना, त्याच घराण्यातला हा माल. अमी शोल्स या उथळ जागी तर वाफेवर चालणाऱ्या जहाजाचे बॉयलर सापडले आहेत. पाण्याखाली असं काही दिसलं तर हात लावू नका. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 च्या पुरावस्तू कायद्याचं संरक्षण आहे.

पाणी कधी स्वच्छ असतं हा पुढचा प्रश्न. मालदीवच्या फोटोंशी तुलना करून नाराज होणारे फार, आणि त्यात होडीवाल्यांच्या पाटीवरच्या उसन्या फोटोंचा दोष मोठा आहे. इथे नदीमुखाजवळचं गढूळ पाणी आहे. दोन मीटरपासून चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं, त्याहून अधिकाची आशा धरू नका. पावसाळ्यात ही सेवा बंदच असते. ऑक्टोबरात नद्यांचा गाळ अजून बसलेला नसतो. नोव्हेंबरपासून पाणी निवळतं. डिसेंबर ते मार्चमध्ये मात्र आखातातल्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या लाटा अधूनमधून काही दिवस इथवर पोहोचतात. आकाश निरभ्र, किनाऱ्यावर वारा नाही आणि तरी समुद्रात लांब उसळी, असं दिसलं तर ते हेच. त्या दिवशी होडीवाला स्वतःहून ‘आज नको’ म्हणाला तर त्याचा फोन नंबर जपून ठेवा.

तिथीही पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, प्रवाह जोराचा होतो आणि जुवारीचा गाळ बाहेर ओढला जातो. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, पाणी शांत. दिवस निवडायची मोकळीक असेल तर अष्टमीच्या आगेमागे, सकाळी आठच्या आत सुटणारी होडी घ्या.

सामान तपासायला दोन मिनिटं लागतात. मास्क चेहऱ्याला लावा, पट्टा डोक्यामागे न घेता नाकाने हलकेच श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा आहे, पडला तर दुसरा मागा. सिलिकॉनची कड पिवळी पडून कडक झाली असेल तर तो गळणारच. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पाणी आत येतं. मिशा असतील तर वरच्या ओठाला थोडं व्हॅसलीन लावतात. काच धुक्याने भरते म्हणून आतून थुंकी चोळून समुद्राच्या पाण्यात एकदाच बुडवायची. पुन्हापुन्हा धुतलीत तर उपयोग जातो. लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लागतात का ते किनाऱ्यावरच बघा, आणि मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. तो नसला तर पाण्यात पडताच जॅकेट वर सरकतं आणि मूल खाली राहतं. पायात काहीतरी घाला. खडकांना शिनाणे, म्हणजे शिंपले, चिकटलेले असतात आणि त्यांची कड ब्लेडसारखी कापते.

‘स्कूबा’ या शब्दाखाली पाट्यांवर दोन गोष्टी विकल्या जातात. एकात पाठीला सिलिंडर बांधून, गाइडने मागून धरून तीन-चार मीटरवर नेतात, फोटो काढतात आणि वर आणतात. दुसऱ्यात आधी तब्येतीचा फॉर्म भरून घेतात, उथळ पाण्यात रेग्युलेटर (सिलिंडरची हवा घ्यायचं साधन) तोंडातून काढून परत लावायला आणि मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायला शिकवतात, मगच खाली नेतात. दुसऱ्याचेच पैसे द्या. फॉर्म दिलाच नाही तर तिथे स्कूबा करू नका. दमा, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार, सर्दी, हे विचारलं गेलंच पाहिजे. सिलिंडरमधल्या हवेचा दाब सुरुवातीला सुमारे 200 बार असतो आणि 50 बार उरायच्या आत वर यायचं असतं, म्हणून दाब दाखवणारा गेज तुम्हालाही दाखवायला सांगा. कान दुखायची वाट पाहू नका. सर्वांत जास्त ताण पहिल्या काही मीटरमध्ये पडतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हळू फुंका. कान उघडला नाही तर थोडं वर या, जोर लावू नका.

खाली काय दिसतं? बशीसारखी, कोबीच्या पानासारखी पसरलेली तुर्बिनारिया जातीची प्रवाळं, घट्ट गोळ्यांसारखी पोरिटिस, काळे काटेरी समुद्रसाळू आणि पट्टेरी माशांची झुंबड. ही प्रवाळं वाढायला वर्षानुवर्षं घेतात आणि एका नांगराने मोडतात. म्हणून होडी कुठे थांबते ते बघा. बांधलेल्या तरंगत्या बोयाला दोर लावणारा चालक पहिल्या पसंतीचा, वाळूत नांगर टाकणारा चालेल, प्रवाळावर लोखंड सोडणाऱ्याला तिथल्या तिथे हटका. पाव टाकून मासे जमवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. फोटो चांगला येतो, पण पाव हे त्या माशांचं अन्न नाही. टणक प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोडका तुकडासुद्धा पिशवीत घालू नका.

डॉल्फिनही त्याच अनुसूचीत. इथे दिसतात ते किनाऱ्यालगत राहणारे पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन. चार होड्यांनी घेरलं की ते बुडी मारून लांब निघून जातात. इंजिन मंद करून बाजूला थांबणारा तांडेल (होडीचा चालक) जास्त डॉल्फिन दाखवतो.

जेवणाबद्दल थोडक्यात: भाजलेला मासा किंवा चिकन, भात, सॅलड, ठीकठाक. बिअर फुकट म्हणून पाण्यात उतरण्याआधी पिऊ नका. बेटावर शौचालयाची किंवा पिण्याच्या पाण्याची सोय धरून जाऊ नका. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि कचरा परत आणा.

शेवटी विमान. बेटापासून दाबोळी विमानतळ एवढा जवळ की होडीतून विमानं उतरताना दिसतात, म्हणून लोक सकाळी स्कूबा आणि संध्याकाळचं तिकीट असा बेत करतात. एका डायव्हनंतर किमान 12 तास आणि एकाहून अधिक डायव्ह केल्यास 18 तास विमानात बसायचं नसतं, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. तेव्हा स्कूबा पहिल्या दिवशी ठेवा. नुसतं स्नॉर्केलिंग केलं असेल तर त्याच संध्याकाळी निघायला हरकत नाही.