एसटीएल फाइल न उघडता ओळखायची आहे? कोणतं सॉफ्टवेअर घ्याल

तान्ह्या पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात माझ्या कॉम्प्युटरवर थ्रीडी प्रिंटरवर छापायच्या खेळण्यातल्या नंदीच्या अकरा एसटीएल फायली होत्या. नंदी फायनल, नंदी फायनल २, नंदी खरा फायनल, अशी एकेकाची नावं. विंडोजच्या फोल्डरात मात्र सगळ्यांसमोर एकच कोरं चिन्ह. धाकटा भाऊ प्रिंटरपाशी उभा राहून विचारत होता, "दादा, यातला शिंगंवाला कोणता बे?" मी एकेक फाइल स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेल प्रिंटसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून बघत बसलो. आमचा जुना डबा एक फाइल उघडेपर्यंत चहा निवतो. त्या रात्री ठरवलं की फोल्डरात नुसती नजर टाकली की नंदी दिसला पाहिजे.

हे आपोआप का होत नाही, ते आधी सांगतो. फोटोच्या फाइलीत चित्रच असतं. एसटीएल हा १९८७ साली थ्रीडी सिस्टिम्स कंपनीकडून आलेला प्रकार, आणि त्यात फक्त मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारे त्रिकोण असतात. बायनरी एसटीएलमध्ये सुरुवातीला ८० बाइट्सचा मथळा, मग ४ बाइट्समध्ये त्रिकोणांची संख्या आणि पुढे दर त्रिकोणाला ५० बाइट्स. दोन लाख त्रिकोणांचा नंदी म्हणजे साधारण १० एमबी. थंबनेल, म्हणजे फोल्डरात दिसणारं छोटं चित्र, दाखवायचं तर कोणीतरी ते दोन लाख त्रिकोण वाचून चित्र काढायला हवं. नागपूरच्या चितारओळीतल्या मूर्तिकाराला मातीचा गोळा बघून पुढची मूर्ती दिसते, विंडोजला दिसत नाही. म्हणून वेगळं सॉफ्टवेअर. खाली ज्यांची नावं घेतोय ती सगळी फुकट आहेत.

विंडोजवर खरी निवड दोघांतली आहे, पॉवरटॉइज आणि एफथ्रीडी.

पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्टचंच. फाइल एक्सप्लोररच्या भागात एसटीएल थंबनेलचं बटण चालू केलं की झालं. मॉडेल पिवळसर नारिंगी रंगात दिसतं, नागपूरकराने तक्रार करावी असं त्यात काही नाही, पण नको असेल तर रंग बदलता येतो. जी-कोडची, म्हणजे स्लायसर प्रिंटरसाठी काढतो त्या फाइलीचीही, थंबनेल दाखवतं. त्रास एवढाच की एका कामासाठी कितीतरी अवजारांचा अख्खा संच घरात येतो. नको ती बंद करून ठेवा. दुसरं म्हणजे मॉडेलच्या फायलींत त्याला एसटीएलच दिसतं. ओबीजे किंवा स्टेप अशी दुसऱ्या प्रकारची मॉडेल फाइल दिली तर चिन्ह कोरंच.

तिथे एफथ्रीडी बाजी मारतं. एसटीएल, ओबीजे, पीएलवाय, स्टेप, जीएलटीएफ असं बरंच काही त्याला कळतं. वर फाइलीवर डबल क्लिक केलं की मॉडेल उघडतं आणि माउसने गोल फिरवून बघता येतं. स्लायसरची वाट बघत बसायचं काम नाही. इंजिनिअरिंगच्या पोरांकडून स्टेप फायली येत असतील, तर दुसरा विचारच करू नका. मात्र दोन्ही एकदम बसवून एसटीएलचं काम दोघांनाही देऊ नका. विंडोज एका प्रकारच्या फाइलीचं थंबनेल एकाच सॉफ्टवेअरकडून काढून घेतं आणि मग कोणाचं दिसतंय तेच कळेनासं होतं. एफथ्रीडी ठेवायचं असेल तर पॉवरटॉइजमधलं एसटीएलचं बटण बंद करा.

बसवूनही काही दिसत नसेल, तर दोष बहुतेक वेळा विंडोजच्या सेटिंगचा असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'ऑल्वेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' या ओळीवरची टिकमार्क काढा आणि फोल्डर मोठ्या आयकॉन्सवर ठेवा. मी यात अर्धी दुपार घालवली. पहिल्यांदा फोल्डर उघडताना जड फायली असतील तर चित्रं सावकाश येतात. पुढच्या वेळी साठवलेली चित्रं लगेच येतात.

लिनक्सवर एफथ्रीडी चालतंच, पण फक्त एसटीएल असतील तर मी एसटीएल-थंब घेईन. हलकं आहे, रस्ट भाषेत लिहिलंय, जुन्या मशीनला झेपतं. त्याचा दुसरा उपयोग मला जास्त आवडला. टर्मिनलमध्ये मॉडेलचं नाव आणि पुढे हव्या त्या पीएनजीचं नाव दिलं की चित्र तयार होतं. अकराही नंदींची चित्रं काढून मी व्हॉट्सअॅपवर पाठवली आणि गिऱ्हाइकाने स्वतःच बोट ठेवलं. मॅकवाल्यांनी एसटीएल निवडून स्पेसबार दाबून बघावा, मगच काही शोधायला जावं.

थ्रीएमएफ आणि जी-कोडची गोष्ट वेगळी. थ्रीएमएफ हा मॉडेलच्या फाइलीचा आणखी एक प्रकार, मुळात झिप फाइल. एका फाइलीची कॉपी करून शेवटची अक्षरं बदलून झिप करा आणि उघडा. आत मॉडेलची एक्सएमएल फाइल असते आणि सेव्ह करणाऱ्या सॉफ्टवेअरने ठेवलं असेल तर छोटं चित्रही. जी-कोडमध्येही असंच. प्रुसास्लायसर या स्लायसरने चित्रासह काढलेली जी-कोड फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर अर्धविरामाने सुरू होणाऱ्या ओळींत अक्षरांची लांबच लांब खिचडी दिसते. ते चित्रच असतं. क्युरा या दुसऱ्या स्लायसरात त्यासाठी थंबनेलची पोस्ट-प्रोसेसिंग स्क्रिप्ट जोडावी लागते. स्लायसरने चित्र घातलंच नसेल, तर पॉवरटॉइज तरी कुठून दाखवणार.

आता थंबनेल काय दाखवत नाही, ते. मोजमाप. एसटीएलमध्ये आकडे असतात, पण ते मिलिमीटर की इंच हे लिहिलेलं नसतं, आणि थंबनेल प्रत्येक मॉडेल चौकटीत बसवून दाखवतं. बोटाएवढा नंदी आणि हातभर नंदी, दोघंही सारखेच.

आणि खालची बाजू. शिंगंवाला नंदी थंबनेल बघून अचूक निवडला, नऊ तास प्रिंट चालली. सकाळी भावाने नंदी उलटा केला तर पायाखालच्या पाटाला चाकांच्या दांडीची भोकंच नव्हती. भोकंवाली फाइल शेजारीच होती आणि वरच्या कोनातून दोघांचं चित्र हुबेहूब एक. पोरांना नंदी दोरी बांधून ओढत न्यायचा असतो, बिनचाकाचा कोण घेणार? शेजारच्या काकांकडून ड्रिल आणून चार भोकं पाडली, त्यातलं एक तिरपं गेलं. तो नंदी ओढला की डावीकडे वळतो. आता त्या दोन फायलींची नावं 'नंदी शिंग भोक ९० मिमी' आणि 'नंदी शिंग बिनभोक ९० मिमी' अशी आहेत.