सॅलडमध्ये ज्वारी टाकू का दलिया?

वहिनी कन्फ्यूज आहेत म्हणून लिहितोय. ढाळ्याचे सोललेले हिरवे हरभरे, मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर, लिंबू हे दोन्हीत सेमच.

वेळेचं म्हणाल तर दलिया 15 मिनिटांत होतो, ज्वारी रात्रभर भिजवा मग कुकरच्या 6-7 शिट्ट्या, तरी दाताखाली जरा टणक लागतेच, पण मजा तीच आहे ना राव, लिंबू पिळून दुपारपर्यंत डब्यात ठेवली तरी दाणा न् दाणा सुटा. दलिया तोवर सगळं पाणी पिऊन गिच्च गोळा. खर्च? घरची मालदांडी ज्वारी असेल तर विषयच नाही. गव्हाचा त्रास असेल त्यानं दलियाकडं बघूच नये.

डब्याला, शेतावर न्यायला ज्वारीच. पाव्हणे दारात आले असतील तर दलिया, फक्त पाणी कमी टाका आन् ताटात पसरून गार करा.