कॉन्टॅक्ट सेंटर सॉफ्टवेअर: पाच पर्याय, आणि कोणता कोणाच्या हाती द्यावा

डेमोमध्ये सगळी कॉन्टॅक्ट सेंटर सॉफ्टवेअर, म्हणजे ग्राहकांचे फोन आणि संदेश हाताळणाऱ्या टीमची साधनं, सारखीच गुणी वाटतात. कॉल येतो, ग्राहकाचं नाव स्क्रीनवर उमटतं, एजंट झटपट तक्रार नोंदवतो आणि सुपरव्हायझरच्या डॅशबोर्डवर सगळं हिरवं असतं. खरा फरक नंतर कळतो. आयव्हीआरमधला (‘यासाठी एक दाबा’ म्हणणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या मेनूमधला) एक पर्याय काढायचा असतो, सुट्टीचा संदेश लावायचा असतो, किंवा एका रांगेतले कॉल तासाभरासाठी दुसऱ्या टीमकडे वळवायचे असतात. हे काम आपल्याकडचा नेमका कोण माणूस करणार, हे आधी ठरवा. तेवढं ठरलं की खालच्या पाचांतले निदान दोन पर्याय आपोआप गळतात.

त्याआधी हिशेब, कारण लायसन्स किती लागणार हे विक्रेत्याने नव्हे, आपण काढायचं असतं. डॅनिश गणिती एरलांग यांनी १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलेलं सूत्र आजही हेच काम करतं. तासाला १०० कॉल आणि बोलणं, होल्ड व नंतरची नोंद धरून प्रत्येक कॉलला ६ मिनिटं, म्हणजे तासाला १० तासांचं काम. दहा एजंट पुरतील असं वाटतं, पण कॉल ओळीने येत नाहीत, झुंडीने येतात. ११ एजंट असतील तर २० सेकंदांच्या आत जेमतेम ३५ टक्के कॉल उचलले जातात. १२ असतील तर ६० टक्के, १३ ला ७६ आणि १४ ला ८६. म्हणून ‘८० टक्के कॉल २० सेकंदांत’ हे नेहमीचं उद्दिष्ट ठेवलं, तर खुर्चीवर प्रत्यक्ष १४ माणसं हवीत. रजा, प्रशिक्षण, जेवण यांत ३० टक्के वेळ जात असेल तर नोकरीवर २० माणसं लागतील. तीच १०० कॉलची रांग प्रत्येकी ५० च्या दोन रांगांत तोडली, की दोन्हीकडे ८-८ मिळून १६ जण लागतात. कौशल्यानुसार रांगा वाढवण्याचा उत्साह इथेच आवरावा.

लायसन्सची पद्धत या आकड्यांवरून ठरते. नावानिशी लायसन्स घेतलं तर वीसही जणांचे पैसे भरावे लागतात. एकाच वेळी लॉगिन असणाऱ्यांच्या संख्येवर लायसन्स मिळालं तर १४ एजंट आणि वर सुपरव्हायझर एवढ्यात भागतं. दोन-तीन शिफ्ट असतील तर ही तफावत आणखी मोठी होते. एकच शिफ्ट, सगळे पूर्णवेळ, अशी टीम असेल तर मात्र नावानिशी लायसन्स बहुतेक वेळा स्वस्त पडतं, कारण एकाच वेळच्या वापराच्या लायसन्सचा दर सहसा जास्त असतो.

ॲमेझॉन कनेक्ट २०१७ मध्ये आलं ते खुर्चीमागे लायसन्स न लावता. वापरलेल्या मिनिटांचे पैसे आणि फोन कॉलचं शुल्क वेगळं. हंगामी धंद्याला हे फार सोयीचं आहे, कारण रिकामा बसलेला एजंट बिलात दिसत नाही. फ्लो, म्हणजे कॉल कोणत्या पायऱ्यांनी पुढे जाईल याचे आराखडे, माउसने ओढून जोडता येतात, त्यामुळे सोपे बदल ऑपरेशन्सचा माणूसही करू शकतो. पण ग्राहकाची माहिती आपल्या सिस्टीममधून आणायची म्हटलं की लॅम्डा फंक्शन (ॲमेझॉनच्या क्लाउडवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहावं लागतं, आणि तिथे प्रोग्रामर लागतोच. फ्लोमधून थेट बोलावलेल्या लॅम्डाला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ८ सेकंद मिळतात. मागची डेटाबेस संथ असेल तर गर्दीच्या वेळी नेमकी ती मर्यादा ओलांडली जाते, आणि त्रुटीची वाट फ्लोमध्ये नीट हाताळलेली नसेल तर कॉल तिथेच तुटू शकतो. प्रत्येक ब्लॉकची ‘एरर’ शाखा एखाद्या रांगेला जोडलेली आहे ना, हे सुरू करण्यापूर्वी तपासा. ज्या कंपनीकडे एडब्ल्यूएस (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) सांभाळणारी माणसं आधीपासून आहेत, तिने आधी हेच पाहावं. जिथे तशी माणसं नाहीत, तिथे दर महिन्याला सल्लागाराचं बिल येत राहतं.

जेनेसिस क्लाउड पूर्वी प्युअरक्लाउड नावाने ओळखलं जायचं. शंभराहून अधिक एजंट, फोनबरोबर चॅट, ईमेल आणि मेसेज, शिवाय शिफ्टचं नियोजन आणि कॉलची गुणवत्ता तपासणी एकाच ठिकाणी हवी असेल, तर या पाचांत सर्वांत भरीव हेच. लायसन्स नावानिशीही मिळतं आणि एकाच वेळच्या वापरावरही. शिफ्टचं नियोजन वरच्या पॅकेजात असतं, म्हणून खालच्या पॅकेजच्या दरावरून तुलना करू नका. याची अडचण म्हणजे परवानग्यांचं जंगल. भूमिका आणि विभाग सुरुवातीला नीट आखले नाहीत, तर वर्षभराने कोणाला कोणती रेकॉर्डिंग ऐकता येतात हे शोधणं कठीण होतं. एक पूर्णवेळ ॲडमिन धरूनच याचा खर्च मोजावा.

ट्विलिओ फ्लेक्स म्हणजे हवं तसं घर बांधण्यासाठी दिलेला पाया आणि भिंती. एजंटची स्क्रीन रिअ‍ॅक्टमध्ये (वेब स्क्रीन बनवण्याचं एक प्रोग्रामिंग साधन) आहे आणि प्लगिन, म्हणजे वरून जोडायचा कोड, लिहून ती जवळजवळ संपूर्ण बदलता येते. पैसे लॉगिनच्या तासांवर किंवा नावानिशी. ज्यांचं काम कुठल्याच तयार साच्यात बसत नाही, त्यांच्यासाठी हे उत्तम. पण लिहिलेलं प्रत्येक प्लगिन पुढे सांभाळावं लागतं. फ्लेक्सची स्क्रीन पहिल्या आवृत्तीवरून दुसऱ्यावर गेली तेव्हा प्लगिनांनाही बदल करावे लागले. कायमचे दोन डेव्हलपर नसतील तर या वाटेला जाऊ नका.

झेंडेस्कचं फोन मॉड्यूल आणि त्या जातीची तिकीट-प्रथम (तिकीट म्हणजे प्रत्येक तक्रारीची नोंद) साधनं दहा-पंधरा जणांच्या टीमला पुरतात. कॉल आला की तिकीट आपोआप तयार होतं आणि ग्राहकाचे जुने ईमेल शेजारीच दिसतात. ज्याला सेटिंगची पानं वाचता येतात तो दोन दिवसांत ते उभं करतो. बहुपदरी आयव्हीआर, बारीक राउटिंग (कोणता कॉल कोणाकडे हे ठरवणं) किंवा जोमाने बाहेर कॉल लावणं मात्र यांच्याकडून मागू नये.

व्हिसीडायल मुक्तस्रोत आहे, ॲस्टरिस्क या मुक्तस्रोत फोन-एक्स्चेंज सॉफ्टवेअरवर चालतं आणि बाहेर कॉल लावणाऱ्या टीमचा जुना आधार आहे. लायसन्सचा खर्च शून्य. स्क्रीन जुनाट दिसते, पण एजंट दोन दिवसांत सरावतात. त्यासाठी लिनक्स आणि सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) दोन्ही कळणारा माणूस हाताशी हवाच. सिपचं पोर्ट इंटरनेटवर उघडं राहिलं तर रात्रीतून परदेशी नंबरांवर कॉल लावून बिल फुगवणारे टपलेलेच असतात. २०२४ मध्ये लॉगिनशिवाय डेटाबेसपर्यंत पोहोचता येईल अशी एक त्रुटी यात उघड झाली होती; अपडेट वेळेवर न लावणाऱ्याने हे सॉफ्टवेअर घेऊ नये.

प्रेडिक्टिव्ह डायलर, म्हणजे अंदाजाने आपोआप कॉल लावणारं यंत्र, कोणताही असो, त्यात एक धोका कायम असतो. एजंट मोकळा होण्याआधीच तो कॉल लावतो, अंदाज चुकला की ग्राहक फोन उचलतो आणि समोर कोणीच नसतं. अमेरिकेच्या टेलिमार्केटिंग नियमांत अशा सोडलेल्या कॉलना माणसाने उचललेल्या कॉलच्या ३ टक्क्यांची मर्यादा आहे. आन्सरिंग मशीन ओळखण्याची सोय सुरू ठेवली की सुरुवातीला एक-दोन सेकंद शांतता पसरते आणि बरेच लोक तेवढ्यात फोन ठेवतात. एजंट दहाच्या आत असतील तर प्रेडिक्टिव्हच्या भानगडीत न पडता प्रोग्रेसिव्ह डायलिंग (एजंट मोकळा झाल्यावरच कॉल लावणारं) घ्यावं, कारण एवढ्या कमी माणसांत अंदाज बांधायला पुरेसा आधारच मिळत नाही.

चाचणीचा काळ मिळाला की डेमोतलं पुन्हा बघत बसू नका. खरे एजंट, खरे हेडसेट आणि खऱ्या नेटवर्कवर या गोष्टी मुद्दाम घडवून आणा. एजंटचं नेट कॉल चालू असताना तोडा: ग्राहक तुटतो, होल्डवर राहतो, की रांगेच्या अग्रभागी परत येतो? वाजणारा कॉल कोणी उचलू नका: तो एजंट आपोआप ‘अनुपलब्ध’ होतो का, आणि कॉल रांगेच्या शेपटाला तर जात नाही ना? बोलून ट्रान्सफर करा आणि दुसऱ्या एजंटला आधीच्या नोंदी दिसतात का पाहा. रेकॉर्डिंगचे दोन तुकडे झाले असतील तर ते एकाच कॉलखाली सापडायला हवेत. कॉलबॅकचा (रांगेत न थांबता नंतर परत फोन मागण्याचा) पर्याय निवडा आणि तो कॉल रिपोर्टमध्ये ‘ग्राहकाने सोडला’ असा तर मोजला जात नाही, हे बघा. तसं मोजणाऱ्या सिस्टीममध्ये कॉलबॅक जितका लोकप्रिय होईल, तितका तुमचा आकडा वाईट दिसेल.

रिपोर्टच्या व्याख्या करारापूर्वी लेखी मागा. समजा १०० कॉल आले, ७५ वेळेत उचलले, १५ उशिरा उचलले आणि १० जणांनी फोन ठेवला, त्यातल्या ६ जणांनी २० सेकंदांच्या आतच. एक सिस्टीम ७५ ला १०० ने भागून ७५ टक्के दाखवेल. दुसरी फक्त उचललेले कॉल धरून ८३ म्हणेल. तिसरी लवकर ठेवलेले ६ वगळून जवळजवळ ८० देईल, आणि चौथी ते ६ वेळेत उचलल्यासारखेच धरून ८१. दिवस तोच, कॉल तेच. जुन्या सिस्टीमशी तुलना करताना सूत्र बदललं आहे हे ध्यानात आलं नाही, तर सुधारणा झाली म्हणून उगाच आनंद होतो.

आवाज तुटण्याचं खापर सहसा बँडविड्थवर फुटतं, पण जी.७११ (आवाज आकड्यांत बदलण्याची नेहमीची पद्धत) कॉलला इथरनेटवर एका दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. १४ एजंटचे मिळून सव्वा मेगाबिटसुद्धा नाही. गुन्हेगार बहुधा वायफाय, व्हीपीएन किंवा राउटर असतो. आवाज एकाच बाजूने येत असेल तर राउटरमधलं ‘सिप एएलजी’, म्हणजे सिपचे संदेश मध्येच बदलणारी सोय, आधी बंद करा. ब्राउझरमधला फोन असेल तर यूडीपी (हरवलेल्या तुकड्यांसाठी न थांबणारी पद्धत) पोर्ट फायरवॉलमध्ये उघडे हवेत. ते बंद असले की आवाज टीसीपीवर (हरवलेला तुकडा पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीवर) जातो आणि अडखळतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. म्हणून सर्व्हरचा प्रदेश एजंट आणि ग्राहकांच्या जवळचा निवडा.

फोनवर कार्डाने पैसे घेत असाल तर कार्डामागचा सुरक्षा कोड व्यवहार झाल्यावर कुठेही साठवता येत नाही, रेकॉर्डिंगमध्येही नाही. एजंटने बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवण्यावर विसंबू नका, घाईत ते विसरलं जातंच. ग्राहकाने कीपॅडवर आकडे दाबायचे आणि ते टोन एजंटला व रेकॉर्डिंगला ऐकू जायचे नाहीत, ही सोय मागा.

एआयचे सारांश आणि भावना ओळखणारी यंत्रं विकत घेण्याआधी स्वतःची जुनी पन्नास रेकॉर्डिंग त्यात घाला. त्यांत खडखडणारे मोबाइल कॉल आणि एकाच वाक्यात दोन भाषा मिसळणारे ग्राहक असू द्या. विक्रेत्याच्या स्वच्छ नमुन्यावर सगळंच बरोबर येतं.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. एका वाहिनीचं जी.७११ रेकॉर्डिंग तासाला सुमारे २९ मेगाबाइट होतं, ग्राहक आणि एजंट वेगळे ठेवले तर दुप्पट. असे वेगळे ठेवलेले दहा हजार तास म्हणजे जवळजवळ ५८० गीगाबाइट. ही रेकॉर्डिंग एकगठ्ठा काढता येतात का, सोबत तारीख, एजंट आणि नंबर यांची नोंद मिळते का, आणि एपीआयवर (प्रोग्रामने माहिती काढण्याच्या वाटेवर) रोजची मर्यादा किती, हे करारात लिहून घ्या. फोन नंबर तुमच्याच नावावर असू द्या आणि ते दुसरीकडे पोर्ट करण्याची अट स्पष्ट ठेवा. करार आपोआप नूतनीकरण होणारा असेल तर नोटिशीची अंतिम तारीख सही केली त्याच दिवशी दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये टाका.