काव्यपरिभाषेचा ऑनलाइन अभ्यासक्रम : अलंकार उत्तम, वृत्ते अपुरी

अलंकार, वृत्ते आणि रस यांची ओळख करून देणारा हा ध्वनिचित्रमुद्रित अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. शाळेत पाठ केलेल्या व्याख्या विसरल्या आहेत, पण कविता आवडीने वाचतात, अशा वाचकांनी त्यातील अलंकारांचा विभाग अवश्य पाहावा, असे माझे मत आहे.

या विभागाचे बळ मांडणीत आहे. सहा अलंकारांसाठी सहा वेगळी उदाहरणे न देता शिक्षिका पावसाचा आवाज आणि टाळ्या ही एकच जोडी घेतात. पावसाचा आवाज टाळ्यांसारखा वाटतो, ही उपमा. पावसाचा आवाज जणू टाळ्यांचा कडकडाटच, ही उत्प्रेक्षा. पावसाचा आवाज म्हणजेच टाळ्यांचा कडकडाट, असे दोहोंतले अंतर पुसले की रूपक होते. हा पाऊस नव्हेच, या टाळ्या आहेत, असे म्हणून उपमेयच (जिची तुलना करायची ती गोष्ट, इथे पाऊस) नाकारले की अपन्हुती. टाळ्या क्षणात विरतात, पाऊस मात्र रात्रभर टिकतो, असे म्हणून उपमेयाला वरचढ ठरवले की व्यतिरेक. आणि पावसाच्या आवाजाला उपमा पावसाच्या आवाजाचीच, असे म्हटले की अनन्वय. उपमेय आणि उपमान (जिच्याशी तुलना करायची ती गोष्ट, इथे टाळ्या) यांतील नाते पायरीपायरीने कसे बदलते, हे एकदा ऐकले की व्याख्या घोकावी लागत नाही. केवळ खुणेच्या शब्दांवर विसंबू नये, हा इशाराही मोलाचा आहे. ‘तुझ्यासारख्याने असे बोलू नये’ या वाक्यात ‘सारखा’ आहे, पण उपमा नाही, कारण तिथे दोन गोष्टींची तुलनाच झालेली नाही.

शब्दालंकार ओळखण्याची जुनी कसोटीही नेमकी सांगितली आहे : शब्द बदलून समानार्थी शब्द घातल्यावर चमत्कृती नाहीशी झाली, तर ती शब्दावर उभी होती. ‘राजाचे कर प्रजेपर्यंत पोहोचले’ यात ‘कर’ काढून ‘हात’ घातला की श्लेष, म्हणजे ‘हात’ आणि ‘सरकारी देणे’ हा दुहेरी अर्थ, उरत नाही. अनुप्रास आणि यमक थोडक्यात उरकले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वृत्तांच्या विभागाने मात्र निराशा केली. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र, आठ गण (लघू म्हणजे ऱ्हस्व आणि गुरू म्हणजे दीर्घ उच्चाराच्या अक्षरांचे तीन-तीनांचे गट), मंदाक्रांता या वृत्ताची चरणातील १७ अक्षरे, चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतरची यती (म्हणताना घ्यायचा थांबा), हे सारे पडद्यावर तक्त्यात दिसते, पण एकही चरण म्हणून दाखवलेला नाही. वृत्त कानाने कळते. आवाजाची सोय असलेल्या माध्यमाने तेवढेच टाळावे, हे मला पटत नाही. शिवाय जोडाक्षरापूर्वीचे ऱ्हस्व अक्षर गुरू होते, एवढाच नियम दिला आहे. ‘सज्जना’मधील ‘स’ला तो लागू पडतो, कारण तिथे आघात येतो, ‘तुझ्या’ किंवा ‘पुन्हा’ म्हणताना पहिल्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून ते लघूच राहते. मराठी कविता वाचताना हे पदोपदी लागते. ते न सांगितल्यामुळे नव्या वाचकाचे गण पहिल्याच ओळीत चुकतील आणि दोष तो स्वतःला देईल.

रसांचा विभाग साधारण आहे. स्थायिभावांची (रसाच्या मुळाशी असलेल्या कायमच्या भावनांची) यादी मिळते, पण विभाव (भावना जागवणारी कारणे) आणि अनुभाव (ती बाहेर दिसणारी चिन्हे) एखाद्या कवितेत उलगडून दाखवलेले नाहीत.

शेवटच्या चाचणीत प्रत्येक ओळीला एकच बरोबर पर्याय ठेवला आहे, आणि हा दोष मला अधिक गंभीर वाटतो. ‘रात्रभर रडत राहिला रिकामा रस्ता’ अशी ओळ समोर आली, तर ‘र’च्या आवृत्तीमुळे तिथे अनुप्रास आहे आणि रस्त्याला रडवल्यामुळे चेतनगुणोक्तीही आहे, शिवाय त्या कोरड्या ‘र’मुळेच ते रडणे अधिक ऐकू येते. दोन्ही उत्तरे स्वीकारून त्यांचा परस्परसंबंध विचारणारा एखादा प्रश्न पुढील आवृत्तीत यावा आणि वृत्तांचे पाठ म्हणून दाखवून नव्याने मुद्रित व्हावेत, अशी चालकांना माझी मनापासून विनंती आहे.