दोन फोनमध्ये फाइल पाठवताना : ब्लूटूथ की थेट वाय-फाय?

लग्नघरातून निघताना छायाचित्रे आणि व्हिडिओ पाठवण्याची आठवण एकमेकांना करून दिली जाते आणि ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून येतात. तेथे सर्वसाधारण पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा आकार कमी केला जातो, त्यामुळे पुढे मोठी प्रत छापायची झाल्यास चेहरे धूसर दिसतात. दोन्ही फोन एकाच खोलीत असतील तर इंटरनेटचा डेटा न खर्चता फाइल मूळ स्वरूपात देता येते. त्यासाठी ब्लूटूथ वापरावे की अँड्रॉइडवरील क्विक शेअर, आयफोनवरील एअरड्रॉप यांसारखी थेट वाय-फायवर चालणारी सोय, हे फाइल किती मोठी आहे आणि समोरच्याच्या हातात कोणता फोन आहे यावर ठरवावे.

वेगाच्या बाबतीत तुलना एकतर्फी आहे. फाइल पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ब्लूटूथचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला फार तर 2 मेगाबिटच्या आसपास असतो. म्हणजे 4 एमबीचे एक छायाचित्र पाव मिनिटात जाते, पण 1 जीबीच्या व्हिडिओला तासाहून अधिक वेळ लागतो आणि मध्येच जोडणी तुटली तर बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. थेट वाय-फायवर सेकंदाला 200 मेगाबिटचा वेग मिळाला तर तोच व्हिडिओ 40 सेकंदांत पोहोचतो. नव्या फोनवर ‘ब्लूटूथ 5’ असे लिहिलेले पाहून फाइलही झपाट्याने जाईल असे अनेकांना वाटते. परंतु त्या आवृत्तीतील वेगवाढ घड्याळे आणि संवेदक यांच्यासाठी असलेल्या कमी ऊर्जेच्या पद्धतीत झाली आहे, आणि फाइल मात्र अजूनही जुन्याच पद्धतीने जाते.

क्विक शेअर आणि एअरड्रॉप या दोन्ही सोयी ब्लूटूथचा उपयोग जवळचा फोन शोधण्यापुरता करतात आणि मोठी फाइल वाय-फायवरून नेतात. म्हणून ब्लूटूथ आणि वाय-फाय दोन्ही चालू ठेवावे लागतात. वाय-फाय म्हणजे इंटरनेट, असा गैरसमज येथे वारंवार आढळतो; तसे नाही. राउटर नसलेल्या, मोबाइलला रेंज नसलेल्या गावातही हे दोन फोन आपसांत जोडले जातात. अँड्रॉइडवर ही सोय 2020 मध्ये ‘निअरबाय शेअर’ या नावाने आली आणि 2024 च्या जानेवारीत सॅमसंगच्या क्विक शेअरशी एकत्र झाली. त्याआधी लोकप्रिय असलेल्या शेअरइट आणि झेंडर या अ‍ॅपवर भारत सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातली. भलत्याच संकेतस्थळावरून ती पुन्हा उतरवून घेण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

तरीही ब्लूटूथला मोडीत काढू नये, असे माझे ठाम मत आहे. माझ्या आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्या वडिलांच्या बटणांच्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित होत्या आणि त्या फोनला वाय-फाय नव्हतेच. ब्लूटूथवरून एकेक फाइल घेत मी त्या सर्व उतरवून घेतल्या. फाइल लहान असल्याने फार वेळही लागला नाही. घरात असा जुना फोन असेल तर तो बिघडण्यापूर्वी हे काम जरूर करावे.

आयफोनचा प्रश्न वेगळा आहे, कारण अँड्रॉइड फोनने ब्लूटूथवरून पाठवलेली फाइल तो स्वीकारत नाही. काही नव्या अँड्रॉइड फोनवरील क्विक शेअर आता एअरड्रॉपशी जोडले जाते, मात्र ही सोय सरसकट नाही. ती नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून फाइल पाठवावी. तिचा दर्जा कायम राहतो, डेटा मात्र खर्च होतो.

एनएफसीचा, म्हणजे फोन अगदी जवळ नेऊन जोडण्याच्या तंत्राचा, विचार या कामासाठी करू नये. त्याचा पल्ला सुमारे 4 सेंटिमीटर आणि कमाल वेग सेकंदाला 424 किलोबिट असून पैसे देणे किंवा जोडणीची सुरुवात करून देणे यासाठीच तो उपयुक्त आहे.

सुरक्षिततेसाठी दोन्हीकडे समोर कोण आहे याची खात्री करण्याची सवय ठेवावी. ब्लूटूथ जोडताना दोन्ही पडद्यांवरचा अंक जुळतो का ते पाहावे. क्विक शेअर किंवा एअरड्रॉपमध्ये आपला फोन सर्वांना दिसण्याची मुभा 10 मिनिटांपुरतीच द्यावी, आणि रेल्वेत किंवा बसस्थानकावर अनोळखी नावाने आलेली फाइल उघडून न पाहता नाकारावी.