‘क्रॉस आहे, आजारी पडणार नाही’ म्हणून विकलेलं पिल्लू

“साहेब, क्रॉस आहे. प्युअरसारखं नाजूक नाही, कधी आजारी पडणार नाही.” या एका वाक्यावर विसंबून मी बारा हजार रुपये दिले. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डचं पिल्लू, मादी, वय साठ दिवस, पहिली लस झालेली, असं फोनवर सांगितलं होतं. पिल्लाचे आईवडील बघायला येतो म्हटलं तर विकणारा म्हणाला, “फार्म लांब आहे, व्हिडिओ पाठवतो.” पिल्लू हातात मिळालं ते कात्रजच्या पुढे, हायवेलगत, गाडीच्या डिकीतल्या खोक्यातून. तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण लेकीने तोवर तिला उराशी धरलं होतं. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही.

पिल्लाचं नाव चिंगी ठेवलं. चिंगीचं पोट टम्म होतं. आम्हाला वाटलं, खाऊनपिऊन गुटगुटीत आहे. ते जंत होते. तिसऱ्या दिवशी पाणीही पोटात ठरेना, आणि रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. तो वास घरातून आठवडाभर गेला नाही. पार्वो, पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार. डॉक्टरांनी तिचा ओठ उचलून दात पाहिले. मागचे दुधाचे दात हिरडीतून नुकते डोकावत होते. “साठ दिवस कसले, जेमतेम पाच आठवड्यांचं आहे हे.” लसीच्या कार्डावर कुपीचं स्टिकर होतं, पण त्यावरची मुदत वर्षभरापूर्वीच संपलेली. खाली सही होती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे आजार ती बरोबर घेऊनच आली होती. पाच दिवस सलाईन, अठरा हजार खर्च. वाचली पोर. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, “तुम्हीच काहीतरी खाऊ घातलं असेल.” मग त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

आठव्या महिन्यात ती मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी पळायला लागली. बसलेली उठताना कण्हायची. एक्स-रेत दिसलं, खुब्याची वाटी उथळ आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही. हिप डिस्प्लेसिया. दोन जाती एकत्र आल्या की काही आनुवंशिक आजार टळतात हे खरं, पण हा दोष लॅब्राडोरमध्येही आहे आणि जर्मन शेफर्डमध्येही. दोन्ही घरांत असलेलं दुखणं क्रॉस केल्याने कसं टळेल? आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागायचे असतात हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आता तिचं वजन वाढू देत नाही, फरशीवर रबरी मॅट टाकल्यात, जिन्यावरून उचलून नेतो.

पिल्लू घ्यायचंच असेल तर ते आईजवळ असतानाच बघा, जिथे वाढलं त्या जागी जाऊन. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी दाखव म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याला एक रुपयाही ॲडव्हान्स पाठवू नका. आणि घरी नेण्याआधी पिल्लू स्वतःच्या डॉक्टरांना दाखवा, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे.

मागच्या आठवड्यात एका मित्राने मला एका पिल्लाच्या आईवडिलांचा व्हिडिओ पाठवला, घेऊ का म्हणून विचारायला. विकणाऱ्याचा नंबर दुसरा होता. मागे मला आलेल्या व्हिडिओतली तीच पत्र्याची शेड होती, आणि दाराशी तीच फुटक्या कडीची पिवळी बादली.