स्वस्तातली विंडोज की: चालली, पण मुळात कोणाची?
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून विंडोज ११ प्रोची की (विंडोज सक्रिय करणारा परवाना-संकेतांक) साडेआठशे रुपयांत घेतली. २५ अक्षरांची ती की दहा मिनिटांत ईमेलने आली. सोबत इन्स्टॉलेशन फाइलची एक अनोळखी लिंकही होती, परंतु विंडोज बसवण्याची आयएसओ फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि तिचा हॅशही (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा अक्षर-अंकांचा ठसा) तिथेच पडताळता येतो, म्हणून त्या लिंकच्या वाटेला मी गेलो नाही. की पहिल्याच फटक्यात चालली. मात्र ‘एसएलएमजीआर /डीएलआय’ हा परवान्याचा तपशील दाखवणारा विंडोजचा आदेश दिल्यावर चौकटीत ‘रिटेल’ऐवजी ‘व्हॉल्यूम_एमएके’ असे उमटले, म्हणजे एखाद्या संस्थेच्या सामूहिक परवान्यातली की मला किरकोळीत विकली गेली होती. जाहिरातीत मात्र ‘अस्सल, आजीवन’! पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याने उत्तरच दिले नाही. पाचपैकी एक तारा, तोही तत्पर ईमेलसाठी.